मुतखड्याचा शोध: सोनोग्राफी, एक्स-रे की सीटी?

नमस्कार. या विषयावर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, मुतखड्यासाठी सगळ्यात चांगली तपासणी कोणती?" उत्तर आधीच देऊन टाकतो. खडा आहे की नाही एवढंच बघायचं असेल, तर इंजेक्शन न देता केलेला पोटाचा साधा सीटी स्कॅन. खडा असलेल्या शंभर रुग्णांपैकी पंचाण्णवच्या आसपास रुग्णांत तो खडा दाखवतो, आणि खडा नसताना 'आहे' असं फार क्वचित सांगतो. या बाबतीत दुसरी कुठलीच तपासणी त्याच्या जवळ येत नाही.

तरीही, कळा येत असलेल्या प्रत्येक माणसाला थेट सीटीच्या टेबलावर झोपवावं, असं मला वाटत नाही. रेडिऑलॉजिस्ट म्हणून रोज सीटी वाचणारा माणूस हे सांगतो आहे, म्हणून त्यामागची कारणं नीट मांडायला हवीत. आजचं बोलणं त्याबद्दलच आहे.

सुरुवात दुखण्यापासून करू. किडनीत एका जागी बसून राहिलेला खडा सहसा दुखत नाही. काहींच्या किडनीत तो वर्षानुवर्षं असतो आणि वेगळ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक सापडतो. तो सुटून मूत्रवाहिनीत उतरला आणि अडकला, की खरी कळ सुरू होते. मूत्रवाहिनी म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाणारी साधारण २५ सेंटिमीटर लांबीची नळी. ती तीन ठिकाणी मुळातच अरुंद असते: किडनीतून बाहेर पडते तिथे, कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून वळते तिथे आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरते तिथे. खडा बहुधा यांपैकी एका जागी अडकतो. वरून लघवी तयार होतच असते, पुढे वाट नसते, मागे दाब वाढतो आणि किडनीचा आतला पोकळ भाग ताणला जातो. माणसाला एका जागी बसू न देणारी, पाठीतून जांघेकडे उतरणारी ती कळ या ताणाची असते.

म्हणजे दुखतं ते अडथळ्यामुळे. आणि किडनीला धोका असतो तोही अडथळ्याचाच, विशेषतः अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग असेल तर. एकदा हे ध्यानात घेतलं की तपासण्यांकडे बघायची नजर बदलते. उपचार करणाऱ्या डॉक्टरला चार गोष्टी कळायला हव्या असतात. लघवी अडली आहे का? हे दुखणं खरंच खड्याचं आहे, की पोटातलं दुसरं काही? खडा असेल तर कुठे आणि किती मिलिमीटरचा? आणि तो कशाचा बनला आहे? प्रत्येक रुग्णात या चारही प्रश्नांची उत्तरं त्याच दिवशी लागतात असं नाही. कोणाला त्या क्षणी फक्त पहिल्याचं उत्तर पुरतं, तर कोणाला चौथ्यावाचून पुढचं पाऊल टाकता येत नाही.

एक्स-रेची गोष्ट थोडक्यात सांगतो. राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, ग्लासगोचे जॉन मॅकइंटायर यांनी किडनीतल्या खड्याचा एक्स-रे काढला. शरीर न उघडता खडा दिसला. पण साध्या एक्स-रेवर खडा दिसायला त्यात पुरेसं कॅल्शियम लागतं. बहुतेक खडे, साधारण ८० टक्के, कॅल्शियमचे असतात हे खरं, पण ते लहान असले, वर आतड्यातला वायू किंवा मळ आला, मागे मणक्याचं किंवा कंबरेचं हाड आलं, की दिसेनासे होतात. युरिक ॲसिडचा खडा तर एक्स-रेवर उमटतच नाही. युरोपियन असोसिएशन ऑफ यूरॉलॉजीच्या मार्गदर्शक सूचनांत साध्या एक्स-रेची खडा पकडण्याची क्षमता ४४ ते ७७ टक्के दिली आहे. पहिल्यांदा निदान करायला हा भरवशाचा आधार नाही. एक्स-रेचा खरा उपयोग नंतर, खड्यावर नजर ठेवताना होतो. त्याकडे शेवटी येतो.

मधली बरीच दशकं आयव्हीपीची, म्हणजे शिरेत औषध देऊन काढलेल्या किडनीच्या एक्स-रेंची होती. १९२९ मध्ये मोझेस स्विक या तरुण डॉक्टरने बर्लिनमध्ये काम करताना शिरेतून देता येईल आणि लघवीत उतरून एक्स-रेवर पांढरं दिसेल असं आयोडीनयुक्त औषध वापरून दाखवलं. तुमच्यापैकी वयाने ज्येष्ठ असलेल्यांनी ती तपासणी करून घेतली असेल: आदल्या दिवशी जुलाबाचं औषध, सकाळी इंजेक्शन, मग ठराविक वेळाने एकामागून एक फिल्म. लघवी अडलेली असेल तर औषध खाली उतरायलाच कित्येक तास लागायचे. औषधाची ॲलर्जी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललं आहे हे सांगणारा रक्तातला घटक) वाढलेलं असण्याची काळजी वेगळीच. अत्यंत मोलाची तपासणी होती, पण तीव्र कळ येत असलेल्या रुग्णासाठी तिची जागा आता संपली आहे.

ती संपवली सीटीने. १९९० च्या दशकात स्पायरल सीटी आला आणि रुग्णाने एक श्वास रोखून धरला तेवढ्यात पूर्ण पोटाची चित्रं मिळू लागली. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी कुठलंही इंजेक्शन न देता केलेल्या सीटीची आणि आयव्हीपीची तुलना प्रसिद्ध केली. खडा दाखवण्यात सीटी सरस होता, आणि तोही काही मिनिटांत. त्यानंतरच्या काही वर्षांत आपत्कालीन विभागांचं चित्रच पालटलं.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण रिपोर्ट घ्यायला आलेले लोक मला हे नेहमी विचारतात: "इंजेक्शन दिलं नाही, म्हणजे तपासणी अर्धवट झाली का?" नाही. खड्यासाठी इंजेक्शन न देणंच योग्य आहे. सीटीवर खडा पांढराशुभ्र दिसतो. कॉन्ट्रास्टचं, म्हणजे त्या इंजेक्शनमधलं औषध लघवीत उतरलं की लघवीही पांढरी दिसते आणि पांढऱ्यात पांढरं हरवतं. शिवाय औषधच नाही, त्यामुळे ॲलर्जी आणि क्रिएटिनिन हे दोन्ही प्रश्न मिटतात. कॉन्ट्रास्ट लागतो तो वेगळ्या कारणांसाठी: गाठीची शंका असेल किंवा मोठ्या ऑपरेशनआधी किडनीच्या आतली रचना बारकाईने बघायची असेल तर.

आम्ही तो सीटी वाचतो कसा, ते सांगतो. आधी दोन्ही किडन्या शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. दुखऱ्या बाजूची थोडी मोठी झाली आहे का, तिच्या भोवतीच्या चरबीत धूसर रेषा उमटल्या आहेत का, आतला पोकळ भाग फुगला आहे का? मग मूत्रवाहिनीचं वरचं टोक पकडायचं आणि चकती चकती करत, म्हणजे पोटाचे आडवे छेद एकामागून एक बघत, पाठीच्या स्नायूवरून उतरत, तिच्या मागे खालपर्यंत जायचं. फुगलेली नळी जिथे अचानक बारीक होते तिथे पांढरा ठिपका असतो. बहुतेक वेळा काम इथे संपतं. अवघड भाग ओटीपोटात आहे. तिथल्या शिरांमध्ये वयानुसार चुन्याचे बारीक गोल ठिपके तयार होतात. ते निरुपद्रवी असतात, पण दिसतात अगदी खड्यासारखे आणि नेमके मूत्रवाहिनीच्या वाटेवर. अशा वेळी ठिपक्याभोवती बघायचं. मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्याभोवती नळीच्या सुजलेल्या भिंतीचं राखाडी कडं दिसतं. शिरेतल्या ठिपक्याला बहुधा असं कडं नसतं, उलट एका बाजूला शिरेचीच निमुळती शेपटी दिसते. आणि खडा मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी असेल तर रुग्णाला पालथं झोपवून पुन्हा तेवढ्याच भागाच्या चकत्या घेतात. खडा पुढच्या बाजूला घरंगळला, तर तो मूत्राशयात पडलेला आहे, म्हणजे सुटका जवळ आली. जागच्या जागी राहिला, तर अजून अडकलेला आहे.

मापाबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण सगळा निर्णय त्या मिलिमीटरवर फिरतो. अमेरिकन आणि युरोपियन यूरॉलॉजी संघटनांनी मिळून २००७ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार ५ मिलिमीटरपर्यंतचे मूत्रवाहिनीतले खडे सुमारे ६८ टक्के वेळा आपोआप पडतात, ५ ते १० मिलिमीटरचे सुमारे ४७ टक्के वेळा. म्हणजे साडेचार आणि सहा यांतला फरक रुग्णासाठी मोठा आहे. पण तोच खडा स्क्रीनवर वेगवेगळ्या मापाचा दिसू शकतो. पोटातले मऊ अवयव बघायच्या सेटिंगवर मोजला तर कडा पसरतात आणि खडा मोठा भासतो. हाडं बघायच्या सेटिंगवर, चित्र मोठं करून मोजला तर खरं माप कळतं. आडव्या चकतीत लांबी सुटते, म्हणून उभ्या छेदातही मोजावं लागतं. दोन ठिकाणच्या रिपोर्टांत माप एक-दीड मिलिमीटरने वेगळं आलं, तर खडा वाढला किंवा झिजला असं लगेच धरू नका. आधी दोन्ही चित्रं एकाच पद्धतीने मोजून घ्यायला सांगा.

खडा कशाचा आहे, याचा अंदाजही सीटी देतो. सीटीचे प्रणेते गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावाचं एक मोजमाप आहे. त्यात पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे हजार. युरिक ॲसिडचा खडा बहुधा ५०० च्या खाली येतो, कॅल्शियम ऑक्झलेटचा पुष्कळदा हजाराच्या वर. हा आकडा उपचार ठरवतो. युरिक ॲसिडचा खडा लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधांनी विरघळू शकतो, म्हणजे काही रुग्णांचं ऑपरेशन टळतं. उलट हजाराच्या वर आकडा गेला की बाहेरून लहरी सोडून खडा फोडण्याच्या पद्धतीला यश कमी येतं आणि दुर्बिणीने खडा काढण्याचा विचार आधी करावा लागतो. ड्युअल एनर्जी सीटीमध्ये दोन वेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी चित्रं घेतात. त्यात युरिक ॲसिड आणि बाकीचे खडे यांतला फरक आणखी स्पष्ट होतो. फारच लहान खड्यांत मात्र या आकड्यावर विसंबू नये. आणि सीटीलाही न दिसणारा खडा असतो: एचआयव्हीवरच्या इंडिनाव्हिर या औषधामुळे होणारा. तो दुर्मीळ आहे.

सीटीची आणखी एक जमेची बाजू मला फार महत्त्वाची वाटते. दुखणं खड्याचं नसेल तर कशाचं, हे तो बऱ्याचदा सांगतो. अपेंडिक्स, आतड्याची सूज, स्त्रियांमध्ये बीजकोशाचा पीळ, आणि सगळ्यांत भीतीदायक म्हणजे पोटातल्या महाधमनीचा फुगा. साठीच्या पुढचा माणूस, आयुष्यात पहिल्यांदाच कमरेत कळ, आधी कधी खडा नाही. अशा वेळी 'मुतखडाच असणार' असं गृहीत धरणं धोक्याचं आहे. तिथे मी सीटीसाठी क्षणभरही थांबणार नाही.

मग अडतं कुठे? रेडिएशनपाशी.

आपण सगळे जमिनीतून, हवेतून, आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सारात राहतोच. जगभराची त्याची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट आहे (मिलीसिव्हर्ट हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक). पोटाच्या एका साध्या एक्स-रेत अर्धा ते एक मिलीसिव्हर्ट जातो. नेहमीच्या डोसच्या सीटीत साधारण ५ ते १०, काही ठिकाणी त्याहून जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या हिशेबाने १० मिलीसिव्हर्टमुळे जिवावर बेतणाऱ्या कॅन्सरची शक्यता अंदाजे दोन हजारांत एकाने वाढते. हा गणिताने काढलेला अंदाज आहे, आणि कॅन्सरचा मूळ धोका त्याच्या कितीतरी पट असतो. एका सीटीने घाबरून जाण्यासारखं काही नाही, आणि गरज असताना रेडिएशनच्या भीतीने सीटी नाकारणं हे नुकसानीचंच.

पण मुतखडा एकदाच होऊन संपणारा आजार नाही. एकदा खडा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना पुढच्या दहाएक वर्षांत पुन्हा होतो. तिशीतल्या एखाद्या माणसाचा विचार करा. पहिली कळ, सीटी. खडा पडला का बघायला सीटी. दीड वर्षाने पुन्हा कळ, दुसऱ्या गावी, आधीच्या फिल्म जवळ नाहीत, पुन्हा सीटी. ऑपरेशनआधी एक, नंतर एक. प्रत्येक वेळी लिहून देणाऱ्या डॉक्टरला ती एकच तपासणी दिसते. बेरीज कोणी करत नाही. मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती या बेरजेची.

यावर उपाय आहे आणि तो वापरात यायला हवा तेवढा अजून आलेला नाही. तो म्हणजे कमी डोसचा सीटी. खडा हा भोवतालच्या अवयवांपेक्षा इतका जास्त पांढरा असतो की चित्र थोडं दाणेदार आलं तरी तो लपत नाही. म्हणून क्ष-किरणांचं प्रमाण कमी करून ३ मिलीसिव्हर्टच्या आत ही तपासणी होऊ शकते. अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षात कमी डोसच्या सीटीने सुमारे ९३ टक्के खडे पकडले. ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या आत आहे, त्यांच्यात ३ मिलिमीटरच्या वरचे मूत्रवाहिनीतले खडे जवळजवळ सगळे दिसतात. उणीव दोन ठिकाणी भासते: ३ मिलिमीटरच्या आतला खडा, जो बहुधा आपोआप पडणारच असतो, आणि खूप स्थूल शरीर, ज्यातून क्ष-किरण पार व्हायला जास्त ताकद लागते. कमी डोसच्या सीटीसाठी वेगळं यंत्र लागत नाही, त्याच यंत्रावर सेटिंग बदलायचं असतं. मात्र ते कोणीतरी मागावं लागतं. चिठ्ठीवर 'सीटी केयूबी' (किडनी, मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाचा सीटी) एवढंच न लिहिता 'कमी डोस, खड्यासाठी' असं लिहिलं, तर टेक्निशियन त्याप्रमाणे करतो. रुग्णानेही हे विचारायला काही हरकत नाही. विचारलंच पाहिजे.

आता सोनोग्राफी. ध्वनिलहरींची तपासणी, रेडिएशन शून्य, रुग्णाच्या खाटेपाशी नेता येते, हवी तितक्या वेळा करता येते. खडा चमकदार दिसतो आणि त्याच्या मागे काळा पट्टा पडतो, उन्हात उभ्या असलेल्या माणसामागे सावली पडावी तसा. किडनीतला मोठा खडा आणि मूत्राशयाच्या तोंडाशी आलेला खडा सोनोग्राफीत छान दिसतो. मधली मूत्रवाहिनी मात्र आतड्यातल्या वायूमागे झाकलेली असते, आणि ध्वनिलहरी वायूतून पार होत नाहीत. तिथला खडा पुष्कळदा निसटतो. युरोपियन सूचनांत मूत्रवाहिनीतल्या खड्यासाठी सोनोग्राफीची पकड ४५ टक्के दिली आहे. खडा दिसलाच तर तो खरा असण्याची शक्यता मोठी, पण न दिसल्याने तो नाही असं ठरत नाही. शिवाय लहान खडा सोनोग्राफीत खऱ्यापेक्षा मोठा मोजला जातो, त्यामुळे सोनोग्राफीतला ६ मिलिमीटर सीटीत ४ निघाला तर नवल नाही.

फक्त ४५ टक्के हा आकडा ऐकून अनेक जण सोनोग्राफीला दुय्यम ठरवतात. माझा आक्षेप इथे आहे. मघाशी मी चार प्रश्न सांगितले, त्यांतला पहिला होता, लघवी अडली आहे का? त्याचं उत्तर सोनोग्राफी बहुतेक वेळा चांगलं देते. किडनीचा आतला भाग फुगला आहे का, तो किती, हे काही मिनिटांत दिसतं. याला आपण बोलीत 'किडनीला सूज' म्हणतो. कळ, लघवीत रक्त आणि त्याच बाजूची सूज हे तिन्ही असतील तर खडा प्रत्यक्ष दिसला नाही तरी निदान जवळजवळ पक्कं होतं.

तपासणाऱ्याने वेळ दिला तर सोनोग्राफी आणखी बोलते. मूत्राशय भरलेला असताना कलर डॉपलर, म्हणजे वाहता प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफीतलीच सोय लावून त्याच्या तळाकडे बघत थांबायचं. दोन्ही मूत्रवाहिन्यांतून लघवीची चिळकांडी थोड्या थोड्या वेळाने आत उडते आणि स्क्रीनवर रंगीत ज्वाळेसारखी दिसते. एका बाजूला ती नियमित येते आहे आणि दुखऱ्या बाजूला काही मिनिटं थांबूनही येत नाही, म्हणजे त्या बाजूचा अडथळा मोठा. त्याच डॉपलरमध्ये खड्याच्या खडबडीत पृष्ठभागामागे रंगांची झिलमिल दिसते. साध्या चित्रात शंका असलेला ठिपका खडाच आहे, हे ठरवायला तिची मदत होते, जरी झिलमिल दिसली म्हणजे खडाच असं नेहमी म्हणता येत नाही. तटतटून भरलेल्या मूत्राशयामुळेही किडनी थोडी फुगलेली दिसू शकते, म्हणून रुग्णाला लघवी करून यायला सांगून किडनी पुन्हा बघायची असते. उलट कळ नुकतीच सुरू झाली असेल किंवा माणसाच्या अंगात पाणी कमी असेल तर अडथळा असूनही सूज दिसत नाही. हे सगळं तपासणाऱ्याच्या हातावर आणि चिकाटीवर अवलंबून असतं. घाईत उरकलेली सोनोग्राफी आणि सावकाश केलेली सोनोग्राफी या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

सुरुवात सोनोग्राफीने केली तर रुग्णांचं नुकसान होतं का, याची परीक्षा अमेरिकेतल्या १५ आपत्कालीन विभागांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. मुतखड्याची शंका असलेल्या २७५९ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाची सोनोग्राफी आपत्कालीन डॉक्टरने केली, दुसऱ्याची रेडिऑलॉजी विभागाने, तिसऱ्याचा थेट सीटी. पुढे डॉक्टरला गरज वाटली तर कोणतीही तपासणी करायची मोकळीक होती. पहिल्या गटातल्या सुमारे ४० टक्के आणि दुसऱ्या गटातल्या सुमारे २७ टक्के रुग्णांना नंतर सीटी लागलाच. पण दुसऱ्या बाजूने बघा, उरलेल्या रुग्णांना तो लागला नाही. महत्त्वाचं निदान हुकून गुंतागुंत झाल्याचं प्रमाण एकूण अर्ध्या टक्क्याच्याही खाली राहिलं आणि तिन्ही गटांत त्यात उल्लेखनीय फरक नव्हता. सहा महिन्यांतलं एकूण रेडिएशन मात्र सोनोग्राफीपासून सुरुवात केलेल्यांत स्पष्टपणे कमी होतं.

या अभ्यासाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. गरोदर स्त्रिया, फार स्थूल रुग्ण आणि ज्यांच्यात डॉक्टरला दुसऱ्या गंभीर आजाराची दाट शंका होती असे रुग्ण त्यात घेतले नव्हते. म्हणजे हा निष्कर्ष सरसकट सगळ्यांना लावायचा नाही. पण नेहमीच्या, गुंतागुंत नसलेल्या रुग्णासाठी मला तो पटतो.

तज्ज्ञांचंही यावर एकमत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं की शंका असलेल्या प्रौढ रुग्णाचा २४ तासांच्या आत कमी डोसचा सीटी करावा. मुलं आणि गरोदर स्त्रियांसाठी मात्र सोनोग्राफी. युरोपियन यूरॉलॉजी संघटना आधी सोनोग्राफी आणि निदान पक्कं करायला सीटी असा क्रम देते. अमेरिकेतल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेने तर पन्नाशीच्या आतल्या, एरवी निरोगी, आधी खडा होऊन गेलेल्या आणि नेहमीसारखीच कळ असलेल्या रुग्णाचा सीटी टाळा असं म्हटलं आहे. यात विरोध भासतो, पण प्रत्येक ठिकाणी समोर धरलेला रुग्ण वेगळा आहे.

मी काय करतो, ते सांगतो. आधी खडा झालेला तरुण, ताप नाही, वेदनाशामकाने आराम पडतो आहे: सोनोग्राफी, आणि ती पुरेशी बोलली तर तिथेच थांबायचं. निदानाबद्दल शंका, पहिलीच कळ आणि वय जास्त, किंवा दुखणं आटोक्यात येत नाही: कमी डोसचा सीटी. ऑपरेशन ठरलं असेल तर सीटी हवाच. किडनीत दुर्बीण घालण्यासाठी पाठीतून वाट करायची असेल तर मोठं आतडं किडनीच्या मागे तर आलेलं नाही ना, फुप्फुसाचं आवरण किती खाली उतरलं आहे, हे आधी बघावं लागतं. लहान मुलांत सोनोग्राफी पहिली, आणि बऱ्याचदा शेवटचीही.

गरोदरपणात थोडं थांबू. या काळात गर्भाशयाच्या दाबामुळे आणि हार्मोनमुळे किडनी, विशेषतः उजवी, आपोआप थोडी फुगते. म्हणजे सोनोग्राफीतली सूज खड्याची की गरोदरपणाची, हा पेच पडतो. तेव्हा मूत्राशयात उडणारी चिळकांडी बघणं फार उपयोगी ठरतं. तरीही उलगडा झाला नाही तर एमआरआय. त्यात रेडिएशन नाही, पण खडा स्वतः दिसत नाही. लघवीने भरलेल्या पांढऱ्या नळीत काळी रिकामी जागा तेवढी दिसते, आणि रक्ताची गाठही तशीच दिसू शकते. कमी डोसचा सीटी हा तिथला शेवटचा पर्याय आहे. प्रजननक्षम वयाच्या प्रत्येक स्त्रीला सीटीआधी गरोदरपणाबद्दल विचारणं आणि गरज असेल तर चाचणी करणं यात तडजोड नको. गर्भनलिकेतलं गरोदरपणही अशाच कळेने समोर येऊ शकतं.

आणि एक परिस्थिती अशी, जिथे तपासण्यांची तुलना करत बसायला वेळच नसतो. खड्याचं दुखणं आणि थंडी वाजून ताप. किंवा एकच किडनी असलेल्या माणसाची लघवी बंद. अडलेल्या किडनीत पू झाला तर जंतू रक्तात पसरायला वेळ लागत नाही आणि माणूस काही तासांत गंभीर होतो. तिथे खडा किती मिलिमीटरचा हे दुय्यम ठरतं. जी तपासणी लगेच मिळेल तिच्याने अडथळा सिद्ध करायचा आणि डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) घालून किंवा पाठीतून नळी टाकून लघवीला वाट करून द्यायची. खडा नंतर, ताप उतरल्यावर काढतात. घरी कोणाला मुतखड्याचा त्रास असताना ताप आला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

राहिला पाठपुरावा. रुग्ण म्हणतो, "दुखायचं थांबलं, खडा पडला असणार." दुखणं थांबणं आणि खडा पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अडथळा टिकून राहिला तरी काही काळाने किडनीतला दाब उतरतो, कळ शमते आणि किडनी मात्र आतून हळूहळू खराब होत राहते. म्हणून चार ते सहा आठवड्यांत खडा गेला आणि सूज उतरली याची खात्री करायची असते. फुगलेली किडनी किती काम करते आहे असा प्रश्न आला, तर त्यासाठी रेनोग्राम नावाची वेगळी, किरणोत्सारी औषधावरची तपासणी आहे. ती खडा दाखवत नाही, दोन्ही किडन्यांच्या कामाची वाटणी दाखवते.

ही खात्री करायला पुन्हा सीटी क्वचितच लागतो. सीटी सुरू करताना यंत्र आधी एक सपाट चित्र काढतं, एक्स-रेसारखं. खडा त्या चित्रावर दिसला असेल, तर तो साध्या एक्स-रेवरही दिसणार. मग पुढचा सगळा पाठपुरावा एक्स-रे आणि सोनोग्राफी यांवर निभतो. त्या चित्रावर तो दिसला नसेल, तर पुढे एक्स-रे कोरा आला तरी त्याचा काहीच अर्थ नाही. अशा खड्याला सोनोग्राफीने गाठायचं, आणि तिने भागलं नाही तर तेवढ्याच भागाच्या कमी डोसच्या सीटीने. म्हणून पुढच्या भेटीला येताना नुसता छापील रिपोर्ट आणू नका, जुन्या सीटीची सीडी किंवा फिल्म आणा. ते पहिलं सपाट चित्र त्यातच असतं, आणि तुमची पुढची तपासणी कोणती हे आम्ही त्यावरूनच ठरवतो.